जानकीची फुंकर

घरात साखर संपली होती. गोष्ट इथून सुरू होते, म्हणूनच ती सांगायला मला संकोच वाटतो. साखर संपली म्हणून कुणाच्या घरात असं काही घडतं का, असं तुम्ही विचाराल, आणि तुमचं चुकणार नाही. मी स्वतः मायक्रोबायॉलॉजी शिकले आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास असतो, पण त्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला हव्यात, एवढीच अट.

शनिवारची दुपार होती, दिवाळी होऊन गेली होती, आणि शेजारच्या ब्रिजेट आंटींचा डबा परत द्यायचा होता. निळा, गोल, पत्र्याचा, परदेशी बिस्किटांचा डबा. प्रत्येक घरात असा एक असतो आणि त्यात बिस्किटं सोडून सगळं मिळतं. ह्या डब्यात श्वासाच्या व्यायामाचं यंत्र होतं. यंत्र म्हणजे काय, तर प्लॅस्टिकचे तीन उभे कप्पे आणि प्रत्येकात एक निळी गोळी. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा. जितका खोल श्वास, तितक्या गोळ्या वर चढतात. श्वास सुटला की खाली पडतात. टक्, टक्, टक्.

हे यंत्र आमच्याकडे कसं आलं ते आधी सांगते.

जानकी माझी मुलगी, पहिलीत आहे. गणपतीनंतर तिला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटल, सलाइन, नाकावर मास्क, सगळं झालं. मग एक दिवस एक्स-रे स्वच्छ आला, आम्ही पेढे वाटले आणि तिला घरी आणलं. पण बरं होणं म्हणजे काय, ह्याबद्दल डॉक्टरांचं आणि आईचं मत एक नसतं. जानकी दोन जिने चढली की कठड्याला धरून उभी राहायची. बोलताना वाक्याच्या मध्येच थांबायची, एक घोट हवा घ्यायची आणि उरलेलं वाक्य पुढे ढकलायची. झोपेत तिच्या छातीतून बारीक शीळ यायची, दूर कुठेतरी कुकर व्हावा तशी.

"न्यूमोनिया गेलाय," डॉक्टर संघमित्रा म्हणाल्या. "पण तिच्या फुफ्फुसांना ते अजून कळलेलं नाही. त्यांना हळूहळू सांगावं लागेल. व्यायाम द्या. वेळ द्या. आणि तुम्ही जरा झोपा."

शेवटचं वाक्य त्या दर वेळी म्हणायच्या.

व्यायामाचं यंत्र आणायला निघाले तर ब्रिजेट आंटींनी मला लिफ्टपाशीच अडवलं. "नवीन कशाला घेतेस गं बाय? रुडीचं पडलंय ना घरात. नळी तेवढी नवी लाव."

ब्रिजेट आंटी मूळच्या इथल्या. नाहूरच्या गावठाणातली त्यांची आणि आणखी काही जणांची कौलारू घरं पाडून आमची इमारत उभी राहिली, म्हणून आमच्या मजल्यावर त्यांना फ्लॅट मिळाला. रुडी म्हणजे रुडॉल्फ अंकल, त्यांचे मिस्टर. आयुष्यभर लग्नांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलेला माणूस. त्यांची खोली आणि जानकीची खोली ह्यांच्यामध्ये एकच भिंत आहे. रोज दुपारी चारला ते ट्रम्पेट काढायचे आणि एकच धून वाजवायचे. नवरी माहेरून निघते तेव्हाची. शेवटी एक लांबच लांब सूर.

"हा सूर, जेनी," ते जानकीला सांगायचे; जानकीचं त्यांनी जेनी करून टाकलं होतं; "नवरी दिसेनाशी होईपर्यंत धरायचा. मध्ये श्वास घ्यायचा नाही. घेतला तर नवरी मागे वळून बघते, आणि मग कुणालाच सोडवत नाही."

पावसाळ्याच्या सुरुवातीला अंकलना न्यूमोनिया झाला. तेही बरे होऊन घरी आले. त्यांनाही हेच यंत्र दिलं गेलं. मग दुपारी चारला भिंतीपलीकडून धून यायची, पण शेवटच्या सुरापाशी यायची आणि फाटायची. खोकला. थोडा वेळ शांतता. आणि मग टक्. फक्त एक. त्यांना एकच गोळी उचलता येत होती.

गणपतीच्या थोडं आधी ते गेले. ट्रम्पेट त्यांच्याबरोबर पेटीत ठेवला, छातीवर, दोन्ही हातांखाली. मी स्वतः पाहिलं. ब्रिजेट आंटी रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "शेवटचा सूर राहिला गं त्याचा."

तर ते यंत्र. जानकी त्यावर रोज व्यायाम करायची. पहिली गोळी, मग दुसरी, आणि दिवाळीच्या सुट्टीत एकदा तिसरी थरथरत वर गेली तेव्हा मी आणि निलेश, माझा नवरा, असे नाचलो की खालच्यांनी इंटरकॉम केला. जिने चढताना ती थांबेनाशी झाली. शीळ बंद झाली. डॉक्टर म्हणाल्या, आता व्यायाम नको, धावू दे. म्हणून मी यंत्र धुतलं, पुसलं, आमची नळी काढून टाकली, ते डब्यात ठेवलं, आणि दाराशी येऊन थबकले.

आमच्या घरात डबा रिकामा परत देत नाहीत. तुमच्याही नसतील देत. भाजी आलेल्या वाटीत चमचाभर साखर घालायची, निदान चार मनुका. माझ्या सासूबाई कणकवलीच्या. हा नियम त्यांनी मला लग्नात मंगळसूत्राच्या आधी समजावला असावा. यंत्र काही भाजी नव्हे, ते त्यांचंच होतं, पण डब्याबरोबर आपलं असं काहीतरी जायला हवं. आणि साखर संपली होती. मागवली असती तर दहा मिनिटांत आली असती. पण माझ्या हातात डबा होता, पायांत चपला होत्या आणि मन मोकळं होतं. बऱ्याच दिवसांनी मोकळं होतं.

"आई, आत काय घालू?" जानकी माझ्या हातातल्या डब्याचं झाकण उघडून विचारत होती.

"काही नाहीये बघ घरात. तू एक मोठी फुंकर घाल आणि झाकण लाव पटकन, उडून जायच्या आत."

तिने गाल फुगवले. छाती भरून घेतली. ती कशी भरली ते पाहून मला इतका आनंद झाला की मी फोन काढून फोटो घेणार होते. तिने फुंकर घातली, सगळी, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि दोन्ही हातांनी झाकण दाबलं.

ब्रिजेट आंटींनी डबा घेतला आणि सवयीने हलवून पाहिला. "काय घातलंस गं?"

"जानकीची फुंकर," मी म्हणाले. हसून म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. डबा त्यांनी पोटाशी धरला. "एवढं कोण देतं गं आजकाल," म्हणाल्या.

त्यानंतर काय झालं ते मला क्रमाने आठवतं, कारण रात्री कमी झोपणाऱ्या माणसाला दिवस नीट आठवतात.

सोमवारी जानकी दुपारी शाळेतून आली आणि सोफ्यावर आडवी झाली. मंगळवारी जिन्यात थांबली. कठड्याला धरून, आधीसारखी. मी बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा चांगला होता. डॉक्टर संघमित्रांनी स्टेथोस्कोप पाठीवर फिरवला, पुढून फिरवला, डोळे मिटून ऐकलं.

"छाती स्वच्छ आहे."

"पण तिचा श्वास पूर्ण होत नाही," मी म्हणाले. "आत घेते, घेते, आणि शेवटचा तुकडा असतो ना, तिथे काहीच नसतं. पायरी नसल्यासारखं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ही तीच नजर. चांगली बाई आहे, पण नजर तीच. "तुम्ही झोपता का?"

घरी आल्यावर मी नवीन यंत्र मागवलं. जानकीने नळी तोंडात धरली, डोळे मोठे केले आणि ओढलं. पहिली गोळी अर्ध्यावर गेली आणि पडली. टक्.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला. टक्, टक्.

"आंटी खेळतायत," जानकी म्हणाली.

मलाही तसंच वाटलं. एकटी बाई, नवऱ्याची वस्तू हातात घेऊन बसली असेल. मला वाईटसुद्धा वाटलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी जानकी झोपली, मी तिच्याजवळ पडले, आणि तिचे श्वास मोजायला लागले. न्यूमोनियातून उठलेल्या मुलांच्या आयांना हे व्यसन लागतं. हात छातीवर ठेवायचा आणि वर-खाली मोजायचं. पडदे ओढलेले होते. बाहेर कुठेतरी बांधकामाचं ड्रिल होतं, ते थांबलं. खोलीत तिच्या बामाचा वास होता. मी मोजत होते आणि माझा हिशोब चुकत होता.

हाताखाली जेवढे श्वास लागत होते, त्याहून जास्त कानाला ऐकू येत होते.

आधी वाटलं माझाच असेल. मी माझा रोखून धरला. तरी येत होता. भिंतीतून. जड, ओलसर, म्हाताऱ्या माणसाचा श्वास, हळूहळू आत ओढला जाणारा... आणि तो आत जात होता तेव्हा माझ्या हाताखालची छाती हलत नव्हती. मग पलीकडून टक्, टक्. आणि त्यानंतर जानकीची छाती घाईने वर यायची, रांगेत आता पाळी आल्यासारखी.

मी उठून बसले. कान भिंतीला लावला. भिंत कोमट होती. पश्चिमेची भिंत आहे, ऊन लागतं, असं मी स्वतःला सांगितलं. ऊन त्या भिंतीच्या पलीकडच्या खोलीला लागतं, आमच्या बाजूला नाही, हे नंतर लक्षात आलं.

निलेश हॉलमध्ये हेडफोन लावून मीटिंगमध्ये होता. मी त्याला खुणेने बोलावलं. तो आला, भिंतीला कान लावून ऐकलं, आणि म्हणाला, "पाइप असेल यार. ड्रेनेजचा. तू ना, आज रात्री मी बसतो तिच्याजवळ, तू खरंच झोप."

"आंटींना विचारून येते."

"आंटी कुठेत? त्या लेकीकडे, ग्रेसकडे गेल्यात, जुहूला. जावई आलेला न्यायला, मर्विन, चावी ठेवून गेला आपल्याकडे. झाडांना पाणी घालायला." मग त्याने जीभ चावली. "सॉरी. सांगायचंच राहिलं."

"कधी गेल्या?"

"रविवारी."

म्हणजे डबा दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी किल्ल्यांच्या हुकाकडे पाहिलं. त्यांची चावी आमच्या चावीशेजारी लटकत होती. रविवारपासून त्या फ्लॅटमध्ये कुणी नव्हतं.

मी बेडरूमचं दार लावून त्यांना फोन केला. मागे ग्रेसच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

"आंटी, तो डबा... उघडला होतात का तुम्ही?"

टीव्हीचा आवाज लांब गेला. त्या उठून दुसऱ्या खोलीत गेल्या असाव्यात.

"त्याच संध्याकाळी," त्या म्हणाल्या. "रुडीच्या फोटोपुढे ठेवला. म्हटलं, बघ, जेनीने तुला काय पाठवलं. आणि झाकण काढलं. पडदा हलला गं. खिडकी बंद होती. मला आधी बरं वाटलं. खरंच सांगते, खूप बरं वाटलं. मग रात्री... मी त्याच्याबरोबर पन्नासेक वर्षं झोपले, मला त्याचा श्वास माहीत आहे. म्हणून इकडे आले." आणि अगदी हळू, "जेनी बरी आहे ना?"

मी फोन ठेवला.

मग सासूबाईंना लावला. का, ते मला नाही सांगता येणार. एरवी मी त्यांना जानकीच्या तब्येतीचं सांगत नाही, कारण मग त्या मीठ-मोहऱ्या ओवाळायला सांगतात आणि मी वाद घालते. त्या दिवशी सगळं सांगितलं. साखर, डबा, फुंकर. मला वाटलं त्या ओरडतील.

"आता मी जाऊन परत मागते, आई."

"मागा नको." त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "एकदा दिलेला परत मागाचा नसता गो. तुया दिलंस, तेणी घेतलान. आता बदल्यात दुसरा देवक व्हया. तेच्या तोलाचा."

"म्हणजे काय देऊ?"

"ता माका इचारतंस? तू आवस मां तिची." आई आहेस ना तू तिची, असं.

मी चावी घेतली तेव्हा चार वाजायला आले होते. निलेशला म्हणाले, झाडांना पाणी घालून येते. तो मान हलवून मीटिंगमध्ये बोलत राहिला.

दार उघडलं तसा आधी वास आला. बंद घराला येतो तो नाही. आंटी उन्हाळ्यात बाटल्यांत भरून ठेवतात त्या मसाल्याचा वास, त्याच्याखाली बामाचा, आणि त्याच्याखाली पितळेचा. हातात खूप वेळ नाणं धरल्यावर तळव्याला येतो तसा. पडदे ओढलेले होते, पण ऊन त्यांच्यातून झिरपत होतं, आणि सगळी खोली चहाच्या रंगाची दिसत होती. कुंड्यांतली माती सुकून भेगाळली होती. घड्याळ चालू होतं. दुसरा कसलाही आवाज नव्हता.

आतल्या खोलीत, भिंतीशी, टेबलावर रुडॉल्फ अंकलचा फोटो. त्यापुढे डबा, उघडा. झाकण शेजारी. आणि त्याच्या बाजूला यंत्र, नीट उभं केलेलं.

पहिली गोळी वर होती.

मी जवळ गेले नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले, जानकी कठड्याला धरते तशी. नळी नव्हती यंत्राला. मीच काढून टाकली होती. ओढायचं म्हटलं तरी कुणाला ओढता आलं नसतं. दुसरी गोळी हलली. सावकाश, थरथरत वर चढली आणि तिथे राहिली. आणि तो श्वास, जो मी भिंतीतून ऐकला होता, तो आता खोलीत होता, माझ्या आणि टेबलाच्या मध्ये कुठेतरी. आत जात होता, जात होता... त्याला संपायचंच नव्हतं.

भिंतीपलीकडे माझी मुलगी झोपली होती. मी कान दिला. तिकडून काहीच येत नव्हतं. शीळ नाही, श्वास नाही. तिसरी गोळी थोडी उचलली गेली, तोल सांभाळू लागली, आणि मी त्या गोळीकडे बघत भिंतीतल्या शांततेत माझं मूल शोधत होते.

टक्. टक्.

आणि पलीकडून एक छोटा, घाईचा, हपापलेला श्वास. जानकीचा.

"अंकल," मी म्हणाले. "अंकल... ती लहान आहे."

घड्याळ चालू होतं.

"तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं तिला. माझी चूक झाली, साखर नव्हती घरात..." हे मी खरंच म्हणाले. त्या खोलीत, त्या क्षणी, मी साखरेचं कारण देत होते. "मी परत मागत नाहीये. मी बदल्यात दुसरं आणलंय."

पहिली गोळी पुन्हा वर चढायला लागली.

मी पुढे गेले. डबा उचलला. आतून गार होता, माठासारखा. तोंड त्यात घातलं आणि फुंकर घातली. आधी वरवरची, मग छातीतली, मग त्याखालची, जिथून बाळंतपणात कळा दिल्या होत्या तिथली. डोळ्यांपुढे काळं येईपर्यंत. शेवटी आत काही उरलं नाही तेव्हा झाकण लावलं आणि डबा फोटोपुढे ठेवला.

थोडा वेळ काहीच नाही. मग डब्याचं झाकण, मधला तो पत्र्याचा फुगवटा, आत दबला आणि वर आला. टिक्. अगदी हलकेच. तीनही गोळ्या एकदम वर गेल्या आणि वरच राहिल्या.

आणि भिंतीपलीकडे जानकीचा श्वास ऐकू आला. लांब, भरलेला, शेवटच्या पायरीपर्यंत. त्यानंतर दुसरा. त्यानंतर तिसरा. मी तिथेच बसून ऐकत राहिले असते. पण माझ्या पाठीमागे, कपाटाच्या बाजूला, कुणीतरी ओठ ओले केले. वाजवणारा माणूस वाजवण्याआधी करतो तसे.

कुंड्यांना पाणी घालायचं राहिलं.

जानकी आता बरी आहे. खरोखर बरी आहे. शाळेच्या शर्यतीत धावली, दुसरी आली, आणि आल्या आल्या न थांबता सगळी हकीकत सांगितली. डॉक्टर संघमित्रा म्हणाल्या, फुफ्फुसांना एकदाचं कळलं म्हणायचं. मी हसले, आणि हसताना मध्येच थांबून हवा घ्यावी लागली. त्यांनी माझीही छाती तपासली. स्वच्छ आहे. एक्स-रे स्वच्छ, रक्त स्वच्छ. आता मीच जिन्यात कठड्याला धरून थांबते, आणि जानकी वरच्या पायरीवरून म्हणते, "चल ना गं आई, स्लो आहेस तू." डॉक्टरांनी मला झोपेची गोळी आणि एका समुपदेशकाचा नंबर दिलाय. मी रागावले नाही. त्यांच्या जागी मीही तोच दिला असता.

ब्रिजेट आंटी नाताळाआधी परत आल्या. नाताळच्या फराळातली गोड कलकल घेऊन आल्या, आमच्याच वाटीत. चेहरा निवांत होता. "आता झोप लागते गं," म्हणाल्या. मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुपारी चारला धून वाजते. जानकीला ऐकू येते आणि मला. निलेशला नाही, त्याला पाइप ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकली तेव्हा जानकीने आनंदाने टाळ्या वाजवल्या. आता कुठेही फाटत नाही, खोकला नाही. शेवटचा सूर लागतो आणि माझ्या छातीतून काहीतरी हळूच ओढलं जातं. सूर असेपर्यंत मला श्वास घेता येत नाही. मी खुर्चीचे हात धरून बसते आणि थांबते. तो थांबला की माझा श्वास येतो. सुरुवातीला जांभईएवढा वेळ लागायचा. हल्ली जास्त लागतो. मी मोजणं सोडून दिलंय.

काल जानकी माझ्यासमोर टेबलावर चित्र रंगवत होती. सूर लागला. तिनेही तोंडाने तोच सूर धरला, खेळ म्हणून, आणि तिचा श्वास संपला, आणि तो चालूच राहिला. ती मान तिरकी करून ऐकत होती.

"अंकल मध्ये श्वास कधी घेतात?" तिने चित्रातून डोळे न काढता विचारलं.

उत्तर द्यायला माझ्याकडे श्वासच नव्हता. सूर चालू होता. काठाकाठाने खोली गडद व्हायला लागली. खुर्चीच्या हातांवरचे माझे हात मला गार लागले, मग लागेनासे झाले. नवरी दिसेनाशी होईपर्यंत धरायचा, असं अंकल म्हणायचे.

उत्तर आलं नाही म्हणून जानकीने मान वर केली. सरळ माझ्याकडे. मग खोलीभर नजर फिरवली, दाराकडे पाहिलं, पुन्हा माझ्या खुर्चीकडे पाहिलं.

"आई?" ती म्हणाली. "कुठे गेलीस गं?"

मी तिच्या समोरच बसले होते.